न धुतलेलं पान

तिचं खरं नाव आता घरच्यांनाही आठवून सांगावं लागेल, इतकी ती रेंजबाई होऊन गेली आहे. एक हात वर करून, फोन आभाळाला दाखवत कुणी बाई बांधावरून सावकाश चाललेली दिसली, की माणसं हातातलं काम न थांबवता म्हणतात, रेंजबाई आली. कुठल्या गावात रेंज कुठे सापडते, हे तिला पाठ आहे. एका गावात ती पाण्याच्या टाकीच्या खालच्या पायरीवर मिळते, दुसऱ्यात पिठाच्या गिरणीच्या पत्र्याखाली. एका वस्तीवर तर ती फक्त एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात मिळते, तीही गाय उठून बाजूला झाली तर.

एक-दोन तुकड्यांची शेती असलेल्या माणसांना फोन शिकवायचा, हे तिचं काम. अशा माणसांच्या हातात बहुधा मुलांनी वापरून टाकलेला फोन येतो. त्यावर हवामान कसं बघायचं, बाजारभाव कसा काढायचा, पीक आजारी पडलं तर पानाचा फोटो सल्ल्याच्या ॲपला कसा पाठवायचा आणि आलेलं उत्तर कसं वाचायचं, वाचता येत नसेल तर कसं ऐकायचं, एवढंच ती सांगते. ऐकायला सोपं वाटतं. पण वर्षानुवर्षं खुरपं धरलेल्या बोटांची कातडी इतकी राठ झालेली असते की फोनला ते बोट आहे हेच कळत नाही. मग ती पिशवीतून ओलं फडकं काढते, समोरच्याचं बोट लहान मुलाचं पुसावं तसं पुसते आणि पुन्हा सांगते की टेकवा, दाबू नका. दिवसातून कितीदा हे म्हणते, ते तिला विचारू नये. झोपेतही म्हणते असं तिचा नवरा सांगतो, जेव्हा तो ट्रकवरून घरी येतो तेव्हा.

तिच्याकडे गमती भरपूर आहेत. एका आजोबांनी फोनला दरडावून विचारलं, काय रे, पाऊस कधी येणार? फोन गोड आवाजात आपण-आपण करत बोलायला लागला, तेव्हा आजोबा ओशाळले आणि तिला म्हणाले की पोरगं चांगल्या घरातलं दिसतंय, मीच उगाच अरेतुरे केलं. एका बाईने हवामान बघायचं शिकून घेतलं आणि रोज दुसऱ्याच देशातलं हवामान बघून कपडे वाळत घालत राहिली. पण या गमती ती आता सांगते तेव्हा स्वतः हसत नाही. ऐकणारे हसून होईपर्यंत गुडघा चोळत बसते.

आधी ती कपडे शिवायची. पायाने चालवायचं मशीन होतं. संस्थेची माणसं गावात आली, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येणारी आणि चालायला न कंटाळणारी बाई हवी होती. गावाने तिच्याकडे बोट दाखवलं. मशीनने गुडघे अर्धे घेतले होते, उरलेले संस्थेने घेतले, असं ती म्हणते.

ती घरी परत येते, तिथे अंगणाच्या मधोमध एक कमरेएवढी भिंत आहे. अलीकडे ती, पलीकडे तिची थोरली जाऊ. दोघा भावांनी वाटण्या केल्या तेव्हा ही भिंत उठली. नंतर थोरले दीर वारले, धाकटा ट्रकवर गेला तो वर्षातून मोजकेच दिवस घरी, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक बाई उरली. दोघींचं बोलणं कामापुरतं. थोरली जाऊ तोंडाने तिखट. धाकटी पिशवी अडकवून बाहेर पडली, की ती भिंतीवर कोपर टेकून सुनवायची, निघाली गावाला बोट टेकवायला शिकवायला. स्वतःच्या भिंतीला पोपडे आलेत ते दिसत नाहीत. धाकटी उत्तर देत नसे. पण सकाळी पलीकडे बादलीची कडी वाजली की तिला बरं वाटायचं. ती कडी वाजली नाही, तर ती चहा तसाच ठेवून भिंतीशी जाऊन उभी राहायची. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

थोरलीचा मुलगा शहरात आहे, एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करतो. वडील गेल्यापासून तो आईला बोलावत होता. गेल्या खेपेला तो आला तेव्हा त्याने विषय तडीला नेला. तू एकटी, विहिरीवर एकटी जातेस, काही झालं तर मला कळणारही नाही, असं म्हणाला. आई म्हणाली, माझं काय व्हायचंय? शेवटी ठरलं ते असं: हा एक हंगाम. त्याने आपला जुना फोन आईच्या हातात दिला. या फोनच्या आधाराने तिने एकटीने एक पीक नीट काढून दाखवलं, तर तो पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर घराला कुलूप लावून ती त्याच्याकडे येईल. थोरली म्हणाली, चालेल. तिला हरायची सवय नव्हती.

त्याच संध्याकाळी ती भिंतीला वळसा घालून धाकटीच्या दारात आली. फोन फडक्यात गुंडाळलेला, अंडं आणावं तसा. दारातच उभी राहून म्हणाली, "शिकव. पण गावाला शिकवतेस तसं बाळबोध नको."

धाकटीने पाट पुढे सरकवला. मग कितीतरी संध्याकाळी त्या दोघी तिथे पाटांवर बसल्या. थोरली चटकन शिकली. आडमुठी माणसं शिकतात तशी शिकली, म्हणजे आधी भांडून. हे इथेच का, तिथे का नाही, एवढी बटणं कशाला, ही बाई आत बसून बोलते ती मला दिसत का नाही. थोरले दीर होते तोवर भाजीपाला तेच बघायचे, थोरलीच्या वाट्याला धान्य यायचं. पण धान्याला फोन काय सांगणार, म्हणून तिने मुद्दाम ओढ्यापलीकडच्या विहिरीजवळच्या पट्टीत काकडी लावली. बी निवडण्यापासून वेलीला मांडव बांधेपर्यंत सगळं फोनला विचारून केलं. कोंब आले त्या दिवशी मुलाचा फोन आला, आई, कोंब छान दिसतायत. आईने विचारलं, तुला काय माहीत? तो म्हणाला, फोन माझ्याच खात्यावर आहे, तू काढलेला प्रत्येक फोटो मला इथे आपोआप दिसतो. थोरलीने हे धाकटीला सांगितलं ते कौतुकाने. माझं शेत त्याच्या खिशात आहे, म्हणाली.

वेल मांडवावर चढले, पिवळी फुलं आली. थोरली रोज पानाचा फोटो पाठवायची आणि संध्याकाळी भिंतीवरून फोन पुढे करायची. पडद्यावर हिरवी खूण असायची आणि खाली लिहिलेलं असायचं, पान निरोगी आहे. धाकटी बसमधून उतरून, चालून, आंबून आलेली असायची. ती खूण बघायची आणि म्हणायची, छान चाललंय जाऊबाई. शेतापर्यंत जायचं म्हणजे ओढा उतरायचा आणि चढायचा. गुडघे नाही म्हणायचे. हिरवी खूण होती, तिला तेवढं पुरे होतं.

पण त्याच दिवसांत दुसरीकडे तक्रारी येत होत्या. एक शेतकरी म्हणाला, बाई, तुमचा फोन खोटं बोलतो. माझा घेवडा डोळ्यांदेखत जातोय आणि हा म्हणतो ठणठणीत आहे. दुसऱ्या गावात एका म्हातारीने फोन रेंजबाईच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, घेऊन जा, हा माझ्या मुलासारखाच आहे, फोनवर विचारलं की सगळं ठीक म्हणतो. रेंजबाई ऑफिसातल्या ताईंना कळवायची. ताईंच्या अंगावरही चाळीसेक गावं होती. त्या थकल्या आवाजात सांगायच्या, ॲप काढून पुन्हा टाका. मग ही काढायची, पुन्हा टाकायची. रेंज नसेल तिथे ते गोल-गोल फिरत राहायचं आणि ती त्याच्याकडे बघत बसायची. तिला वाटायला लागलं होतं की आयुष्यात आपण हेच केलं, एक गोल फिरताना बघत बसलो.

त्या दिवशी परतीच्या बसला गर्दी म्हणून तिला एक जीप मिळाली. जीपवाल्याने तिला ओढ्याच्या पलीकडे सोडलं. म्हणजे घरी जायचा रस्ता आज थोरलीच्या शेतावरूनच होता.

लांबून तिला वाटलं, मांडवावर ऊन पडलंय. जवळ आली तर ऊन नव्हतंच, ढग होते. विहिरीकडच्या बाजूची पानं पांढरी पडली होती. कुणीतरी पिठाची चाळण घेऊन मांडवावरून फिरलं असावं, तशी. काही वेलींवर पानं करपून वळली होती आणि त्यांच्याआड बोटाएवढ्या काकड्या वाकड्या होऊन लटकत होत्या. ती बांधावरच थांबली.

थोरली विहिरीच्या कट्ट्यावर पाठमोरी बसली होती. शेजारी बादली. तिच्या हातात एक पान होतं. ते तिने बादलीत बुडवलं, अंगठ्याने दोन्ही बाजूंनी हळूहळू चोळलं, वर काढलं, निथळलं, कोरड्या फडक्याने टिपून घेतलं. मग घरून आणलेल्या घासलेल्या ताटलीत ते मधोमध ठेवलं, देठ सरळ केला आणि फोन वर धरला. अगदी शिकवलं होतं तसं. हात न हलवता, सावली न पाडता, बोट टेकवून, न दाबता.

रेंजबाईने इतक्या वर्षांत हजारो माणसांना फोटो काढायला शिकवला होता. पण शिकवताना ती शेजारी बसून पान स्वतःच तोडून द्यायची. आपण निघून गेल्यावर ही माणसं पान कसं आणतात, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिला घेवड्याचा शेतकरी आठवला, त्याच्या ओसरीवरची पाण्याची घागर आठवली. ती म्हातारी आठवली, फोटो काढायचा म्हटल्यावर जिने आधी स्वतःचे केस सारखे केले होते.

ती जाऊन कट्ट्यावर टेकली. फोनवर हिरवी खूण आली.

मग तिने विचारलं, "जाऊबाई, पान धुता कशाला?"

थोरलीने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने विचारलंय, जेवताना तोंड उघडता कशाला. "डॉक्टरकडे नेताना पोराला आंघोळ घालत नाहीस? चार शिकलेली माणसं बघणार. मातीतलं पान दाखवायचं त्यांना?"

"ते पांढरं आहे ना, तोच रोग आहे. तुम्ही तो धुऊन टाकता आणि मग फोनला विचारता, रोग आहे का."

ताटलीतलं पान उचलून थोरलीने उलटं केलं, सुलटं केलं. सुरुवातीला तिला ती रस्त्याची धूळ वाटली होती, असं तिने मग सांगितलं. नंतर तसं वाटलं नव्हतं. पण फोन रोज बरं आहे म्हणायचा, तर आपण कोण वाईट म्हणणार? तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्यात तिखट काही उरलं नव्हतं. धाकटीला वाटलं, संपलं बोलणं. तेवढ्यात ती बादलीकडे बघत म्हणाली, "आणि तो बघतो गं. प्रत्येक फोटो."

आता धाकटीला पूर्ण कळलं. शहरात, गोदामाच्या दारात उभा राहून मुलगा रोज एक स्वच्छ हिरवं पान बघत होता. पाहुणा यायचा म्हणून घर आवरावं, पसारा कोठीत ढकलून दार लावून घ्यावं, तसं थोरली रोज एक पान आवरत होती. फोनने काय सांगायचं ते सांगो, मुलाने पांढरं पान बघता कामा नये. त्याने ते पाहिलं तर हंगाम गेला, घराला कुलूप, भिंतीपलीकडची कडी गप्प.

रेंजबाईला एक सोपी वाट सुचली होती. आपल्याच फोनवरून न धुतलेल्या पानाचा फोटो पाठवायचा. उत्तर मिळेल, मुलाला काही दिसणार नाही. तिने पिशवीत हात घातलाही. पण बाहेर काढला नाही. ती इतकी दमलेली होती की खोटं सांभाळायचं आणखी एक काम तिला नको होतं. तिने जाऊला दोन्ही वाटा सांगितल्या. माझ्या फोनवरून पाठवते, नाहीतर तुम्ही तुमच्यावरून पाठवा. आणि मग नुसता गुडघा चोळत राहिली.

थोरली उठली. मांडवाखाली गेली, सगळ्यात वाईट दिसणारं पान शोधायला तिला वेळ लागला नाही. ते तिने देठाला धरून आणलं, पांढरी पूड सांडू नये म्हणून तळहात खाली धरून. ताटली बाजूला सारली. कट्ट्याच्या दगडावरच पान ठेवलं. फोन वर धरला. पहिला फोटो पुसट आला. दुसरा नीट आला.

तो जायला वेळ लागला. रेंज विहिरीवर तुटक येते. दोघी त्या गोल फिरणाऱ्या खुणेकडे बघत बसल्या. मग उत्तर आलं, लाल अक्षरात. भुरी, म्हणजे पानावरची पांढरी बुरशी. रोगट पानं तोडून शेताबाहेर न्या, वेलींत हवा खेळू द्या, अमुक औषध ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही अंगांना फवारा. थोरलीने ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना फोन हातातच वाजायला लागला.

मुलगा होता. थोरलीने स्पीकर लावला, कदाचित एकटीने ऐकायचं नव्हतं म्हणून. त्याने विचारलं, आई, हे आपल्याच शेतातलं पान आहे का? ती हो म्हणाली. मग आधीची? आधीची धुतलेली होती, ती म्हणाली. पलीकडे ट्रक मागे घेताना वाजतो तो आवाज येत होता. तो बराच वेळ वाजत राहिला. शेवटी मुलगा म्हणाला, सुट्टीला येतो.

त्या सुट्टीपर्यंत दोघींनी पानं तोडली. धाकटी फेरीवरून आली की ओढा उतरून शेतात जायची, गुडघ्यांना न विचारता. पोती भरून पानं बाहेर काढली. विहिरीकडची बाजू वाचणार नव्हती, ते दिसतच होतं. ते वेल थोरलीने मुळासकट उपटले. ओढ्याकडच्या अंगाला नवी पानं हिरवी निघत होती. रात्रीपुरतं जेवून दोघी आपापल्या दाराशी बसायच्या, मध्ये भिंत. बोलायला अंगात काही उरलेलं नसायचं.

मुलगा आला त्या दिवशी थोरलीने अंगणसुद्धा झाडलं नाही. धाकटीच्या ते लक्षात आलं. कोपऱ्यात पाचोळा तसाच, औषधाचा पंप दारातच पडलेला. मुलगा चहा घेऊन आईच्या मागोमाग शेतावर गेला, धाकटीही गेली. अर्धा मांडव मोकळा होता, नुसत्या काठ्या आणि सुतळ्या. तो त्या काठ्यांमधून चालत गेला आणि परत आला. आईने त्याला काही समजावलं नाही. तिने ओढ्याकडचं एक पान तोडलं, त्यावर कालच्या औषधाचा डाग होता आणि एक मुंगी होती. मुंगी तशीच राहू दिली. दगडावर ठेवून फोटो काढला, पाठवला. मुलाच्या खिशात टिंग वाजलं. त्याने फोन काढला नाही.

तो म्हणाला, "असा एकेक दिवस दाखवणार आहेस का मला?"

"असेल तसा," ती म्हणाली.

त्याने मग एक काकडी तोडली, शर्टाला पुसली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. जाताना म्हणाला, हंगाम संपू दे, मग बघू. पीक नीट निघालेलं नव्हतं, हे तिघांनाही दिसत होतं, आणि तिघांनीही ते तोंडाने म्हटलं नाही. बघू, असं थोरलीही म्हणाली. काही मिटलं असं नाही. तो बसमध्ये चढला तेव्हा आईचं सामान भरायला आणलेली मोठी बॅग त्याच्या खांद्यावर रिकामीच होती, एवढं धाकटीने पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे बादलीची कडी वाजली. तिने चहा घेतला, पिशवी अडकवली. भिंतीवर कोपर टेकून थोरलीने विचारलं, आज कुठलं गाव? एवढंच.

ऑफिसातल्या ताईंना तिने सगळं कळवलं. त्या म्हणाल्या की मग हे सगळीकडेच झालं असेल. सगळ्यांना नव्याने सांगावं लागेल. रेंजबाईने मनातल्या मनात गावं आठवली, टाकीची पायरी, गिरणीचा पत्रा, गाईचा गोठा. पुन्हा पहिल्यापासून सगळी. ती हो म्हणाली.

घेवड्याच्या शेतकऱ्याकडे ती उन्हात पोहोचली. तो ओसरीवर बसला होता, रागावलेलाच. फोन लांब फळीवर ठेवून दिलेला. तिने पाणी मागितलं, प्यायली, पाय लांब केले. आज तिने काहीच शिकवलं नाही. एवढंच म्हणाली की मी बसते इथे, तुम्ही तुमच्या रीतीने एक पान आणा आणि फोटो काढा, मी नाही असं समजून.

तो कुरकुरत उठला, शेतात गेला, पान घेऊन आला. फळीवरचा फोन घेतला. पान उजव्या हातात धरून त्याने डाव्या हाताने घागरीवरचं झाकण उचललं.

"राहू द्या," ती म्हणाली. "तसंच आणा इकडे."